जॅक उचलतो, टेकू धरतो : गाडीखाली शिरण्याआधी प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे असे

पंक्चरचे दुकान, ऑटो गॅरेज, वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, ट्रॅक्टर दुरुस्ती. फुलसावंगीपासून महागाव, उमरखेड, पुसदपर्यंत रस्त्याच्या कडेला बघत जा, या कामांत आपल्या समाजाचे कारागीर जागोजागी दिसतील. कितीतरी घरांची चूल या हुनरवर पेटते. पोरगा दहावीत अडखळला की अब्बांच्या तोंडी पहिले वाक्य येते, "चल, उस्तादकडे बसवतो." आम्ही शाळेत शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण आमच्या वर्गातून गेलेली पोरे आज पिकअपच्या खाली पाठीवर झोपून पाटे बदलताना दिसतात, आणि त्यांच्या डोक्यावर दीड टनाची गाडी कशावर उभी आहे हे बघितले की पाय थबकतो. बहुतेक वेळा ती एकट्या जॅकवर असते. कधी जॅकच्या जोडीला दोन विटा.

फुलसावंगीचे नाव देशभर गेले ते ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि दुःखाने गेले. वेल्डिंगचे काम करणारा आपल्या गावचा शेख इस्माईल शेख इब्राहिम, ज्याला सगळे मुन्ना म्हणत, वय अवघे चोवीस, शाळा आठवीपर्यंत. त्याने स्वतःच्या हाताने एक आसनी हेलिकॉप्टर बनवले होते. मारुती ८०० चे इंजिन बसवले होते. चाचणी घेताना मागचा छोटा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठ्या पंख्याचा घाव आत बसलेल्या मुन्नाच्या डोक्याला लागला. त्याच्या हुनरबद्दल तेव्हाही कुणाला शंका नव्हती, आजही नाही. पण एक भाग तुटला आणि त्याच्या पाठीमागे माणसाला वाचवणारे दुसरे काहीच नव्हते. हेलिकॉप्टर काही रोज कुणी बनवत नाही. गाडीखाली मात्र आपली पोरे रोज शिरतात, आणि तिथे हाच हिशोब लागू पडतो : एक वस्तू निसटली तर दुसरी धरणार आहे का?

बैलगाडीच्या काळापासून आपल्याकडे यासाठी साधा शब्द आहे, टेकू. चाक काढून वंगण द्यायचे तर चार माणसे गाडी उचलत आणि पाचवा टेकू सरकवत असे. टेकू नीट बसल्याशिवाय कुणी हात काढत नसे. उचलणारे वेगळे, धरणारा वेगळा. जॅक आला तसे चार माणसांचे काम एका दांड्यावर आले, आणि टेकू कुठेतरी मागे राहून गेला. जॅक वर गेल्यावर थांबतो, म्हणून तो धरूनही ठेवेल असे वाटायला लागले.

जॅकच्या पोटात काय असते

हायड्रॉलिक जॅक, मग तो उभा बॉटल जॅक असो की चाकांचा ट्रॉली जॅक, पास्कलच्या नियमावर चालतो. बंद भांड्यातल्या तेलावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. दांड्याखाली बारीक दट्ट्या असतो, गाडीखाली जाड दट्ट्या. जाड दट्ट्याचे क्षेत्रफळ बारक्याच्या वीसपट असेल तर जोरही वीसपट मिळतो. दांड्याच्या लांबीचा फायदा वेगळाच. म्हणून पंधरा वर्षांचा पोरगा एका हाताने पिकअप उचलतो. विज्ञानाच्या तासाला हे सांगितले की मुलांचे डोळे चमकतात. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. गाडी वर राहते ती तेल मागे सरकत नाही म्हणून, आणि ते तेल अडवून धरतात एक रबरी सील आणि एक छोटा पोलादी छर्रा. सील जुने झाले, छर्र्याखाली कचऱ्याचा कण अडकला, तेल सोडायचा स्क्रू अर्धा पेच ढिला राहिला, की तेल परतते. कधी हळू, तासाला बोटभर. कधी सील एकदम जाते आणि गाडी एकदम येते.

एक हिशोब करून बघा. तीस सेंटिमीटर उंचीवरून वस्तू खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. माणसाला "पडतेय" हे कळून अंग हलायला तेवढाच वेळ जातो. "गाडी हलली की आपण सरकू" असे म्हणणारा सरकणार कधी? आता वजन बघा. अल्टोसारखी हलकी गाडीसुद्धा साडेसातशे किलोच्या आसपास असते. तिची एक बाजू उचलली तरी जॅकवर तीन-साडेतीनशे किलो येतात. सोयाबीनच्या भाषेत सांगायचे तर तीन क्विंटलहून जास्त माल, तोही छातीवर. छाती दबली की श्वास आत जात नाही, ओरडायला आवाजही फुटत नाही. शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

गाडीसोबत मिळणारा कैची जॅक किंवा स्क्रू जॅक तेलावर चालत नाही, म्हणून काहीजण त्याला जास्त भरवशाचा मानतात. त्याचा धोका वेगळा आहे. बूड लहान, उंची जास्त. गाडी बोटभर पुढेमागे सरकली की तो तिरपा होतो आणि कोसळतो. तो फक्त स्टेपनी बदलण्यापुरता दिलेला असतो. चाक काढा, चाक लावा, खाली उतरवा. त्याच्या भरवशावर अंग खाली घालायचे नाही, हे गाडीच्या पुस्तकातही छापलेले असते. ते पुस्तक बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही, ही वेगळी गोष्ट.

जमीन बघा, मग जॅक काढा

आपला भाग काळ्या मातीचा. उन्हाळ्यात हीच माती दगडासारखी लागते आणि पहिल्या पावसात लोण्यासारखी होते. वरून सुकलेली दिसली तरी खाली ओल असते. जॅकचे बूड तळहाताएवढे, त्यावर पाऊण टन भार, म्हणजे तो रुतणारच. तोही सरळ रुतत नाही, एका बाजूने रुततो आणि कलतो. शेतात किंवा कच्च्या रस्त्यावर काम करायची वेळ आली तर जॅकखाली आणि टेकूखाली दीड-दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद अशी मजबूत लाकडी फळी हवी. बाभळीची, सागाची, कसलीही, पण चिरलेली नको. फरशीचा तुकडा ठेवू नका, भार आला की तो तडकतो. डांबरी रस्त्याला पक्का समजणारे बरेच आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा डांबर मऊ होते आणि स्टँडचे पाय त्यात शिरतात. तिथेही फळी.

जागा सपाट हवी. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बऱ्याचदा सपाट नसते. न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडून गाडी आपोआप सरकते का ते आधी बघा. उतारावर गाडी उचलून खाली जाणे हा प्रकारच नको, काम कितीही छोटे असो. गाडी ढकलत दुसरीकडे न्या.

हँडब्रेक, गिअर आणि चाकाचा दगड

इथे बऱ्याच जाणत्या मिस्त्र्यांचीही गफलत होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. बहुतेक मोटारींचा हँडब्रेक मागच्या दोन चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की ती चाके हवेत, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरणारे काही उरत नाही. आजकालच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, म्हणजे गिअर पुढची चाके धरतो. पुढची बाजू उचलली की गिअरचा उपयोग संपला. एकच बाजू उचलली तरी गिअरवर विसंबता येत नाही, कारण डिफरन्शियलमुळे हवेतले चाक मोकळे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक सरकू शकते.

म्हणून दोन्ही करा, हँडब्रेकही ओढा आणि गाडी गिअरमध्येही ठेवा. पण खरा भरवसा जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लावलेल्या अडणीवर ठेवा. लाकडाची पाचर सगळ्यात चांगली. नसेल तर टोकदार बाजूने चाकाखाली घुसेल असा दगड. गोल गोटा नको. प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक. मागची बाजू उचलताय तर पुढच्या चाकांना, पुढची उचलताय तर मागच्या.

चाकाचे नट ढिले करायचे असतील तर गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-एक पेच फिरवून घ्या. उचललेल्या गाडीवर पान्याला पाइप घालून लटकणारा माणूस गाडीला बाजूने ढकलतच असतो, आणि बाजूचा धक्का जॅकला सोसत नाही. ज्या नटबोल्टांना अंगाचा सगळा जोर लागणार आहे ते आधी मोकळे करा, मग गाडी वर घ्या.

जॅक कुठे लावायचा

मोटारीच्या दाराखाली पत्र्याची दुहेरी कडा असते. तिच्यावर पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन-दोन खाचा दिसतात. जॅकची जागा तीच. इंजिनाचे ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सर आणि तळाचा साधा पत्रा ही भार घेणारी अंगे नाहीत. चेंबरला जॅक लावून गाडी उचलली तर चेंबर फुटून खर्च येईलच, शिवाय जॅकही निसटेल. जुन्या गाडीत खाचेजवळचा पत्रा गंजून पापुद्रे सुटलेला असतो. पाना ठोकून बघा, भुसभुशीत आवाज आला तर तिथे भार देऊ नका. बोलेरो किंवा पिकअपला एक्सल आणि चेसिस असते, तिथे काम सोपे. पण लोखंडावर लोखंड घसरते. जॅकच्या डोक्यावर मध्यभागी भार येतोय ना, तेलाने माखलेले नाही ना, ते बघून मगच दांडा हलवा. ट्रॉली जॅकने उचलताना जॅक थोडा पुढे सरकत असतो, त्याच्या चाकांपुढे खडे नसावेत.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. त्याचा पुढचा एक्सल मधोमध एका पिनवर झुलतो, खाचखळग्यात दोन्ही चाके जमिनीवर राहावीत म्हणून. मागचे मोठे चाक काढायला मागून ट्रॅक्टर उचलला की हा झुला त्याला एका कुशीवर कलू देतो. त्यामुळे पुढच्या एक्सलच्या आणि चेसिसच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्याशिवाय ट्रॅक्टर उचलू नये. जाणते उस्ताद हे करतात. शेतात घाईघाईने पंक्चर काढणारे करत नाहीत. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात असतो, आणि तो आडवा यायला लागला की थांबवणारे कुणी नसते.

टेकू कोणता

बाजारात जॅक स्टँड मिळतात. तीन-चार पायांचे, मधल्या दांड्याची उंची पिनने किंवा दात्यांनी कमीजास्त करता येते. मोटारीला चालतील अशा दोन स्टँडची जोडी साधारण दोन-तीन हजार रुपयांत येते. मोबाइलच्या एका स्क्रीनचा खर्च. तरीही अनेक गॅरेजांत महागडा पानासंच दिसतो, चांगला कॉम्प्रेसर दिसतो, स्टँड तेवढे दिसत नाहीत. कारण स्टँडशिवाय काम होते. आजपर्यंत झाले.

स्टँडवर किती टनांचा आहे ते लिहिलेले असते, गाडीच्या वजनाशी ते ताडून पाहा. उंचीची पिन त्याच स्टँडची हवी. ती हरवली म्हणून पेचकस, खिळा किंवा भलताच बोल्ट घालणे म्हणजे स्टँड नसल्यासारखेच. दोन्ही बाजूंचे स्टँड सारख्या उंचीचे ठेवा आणि एक्सलखाली, चेसिसखाली किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. मग जॅकचा स्क्रू अगदी हळू सोडून गाडी स्टँडवर बसू द्या. पुढची पायरी लोक गाळतात : खाली जाण्याआधी गाडीला बाजूने दोन-तीनदा जोरात हलवून बघा. पडायची असेल तर आत्ताच पडू दे, आपण बाहेर असताना. हलली नाही, तर जॅक पुन्हा किंचित वर घेऊन नुसता टेकवून ठेवा, आणि काढलेले चाक दाराच्या कडेखाली आडवे सरकवा. स्टँड, जॅक आणि चाक, अशा तीन गोष्टी झाल्या. चाकाची जाडी एवढी असते की सगळे कोसळले तरी खाली माणसापुरती फट राहू शकते.

स्टँड नसतील तर? जाड लाकडी ओंडके चालतात, एकावर एक आडवे-उभे रचून, चौकोनी विहिरीच्या काठासारखे. ओंडके सारख्या जाडीचे हवेत, आणि रचाईची उंची तिच्या रुंदीपेक्षा जास्त नको. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगडांची चळत, रिकामे डबे, जुने रिम यांतले काहीही नको. वीट दाबाखाली बराच वेळ शाबूत दिसते आणि मग एकाएकी भुगा होते. आमच्याकडच्या काही मंडळींचा विटेवर फार विश्वास आहे. घर बांधायला जरूर ठेवा, गाडीखाली नको.

गाडी वर असताना इंजिन सुरू करू नका, कुणाला आत बसू देऊ नका, दार आपटू नका. चावी खाली काम करणाऱ्याच्या खिशात हवी. गिअरबॉक्स किंवा मागचा एक्सल असा जड भाग उतरवणार असाल तर गाडीचा तोल बदलेल हे आधीच धरून चाला. आणि एकट्याने काम करू नका. घरी काम चालू असेल तर अम्मीला, बहिणीला, कुणालाही सांगून ठेवा, "मी गाडीखाली आहे, दर थोड्या वेळाने आवाज दे."

ट्रॉलीचा डाला

आपल्या तालुक्यात जॅकइतकाच, किंबहुना जास्त धोका आम्हाला डंपिंग ट्रॉलीचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. रेती, माती, शेणखत टाकून झाले, डाला वर आहे, खाली पाइपमधून तेल टपकते आहे. ड्रायव्हर किंवा त्याच्यासोबतचा पोरगा वाकून चेसिस आणि डाला यांच्या मध्ये डोके घालतो. तेवढ्यात पाइप फुटतो, किंवा ट्रॅक्टरवर बसलेल्या कुणाचा तरी लिव्हरला धक्का लागतो. रिकामा डालासुद्धा शेकडो किलोंचा असतो आणि तो कैचीसारखा मिटतो.

इथेही उपाय टेकूच. डाल्याखाली बसेल असा जाड लोखंडी आधार ट्रॉलीला कायमचा बिजागरीने जोडून घ्यावा, म्हणजे शोधत बसावे लागत नाही. आपल्या गावात वेल्डिंगवाले कमी नाहीत, तासाभराचे काम आहे. तो आधार लावल्याशिवाय, ट्रॅक्टर बंद करून चावी काढल्याशिवाय कुणीही मध्ये वाकायचे नाही. लाकडी बल्ली तिरपी लावून काम भागवू नका, ती निसटते. तेलाची गळती बोटाने चाचपू नका. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि दोन दिवसांत बोट कापायची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. आणि तेल अंगात घुसलेच तर दुखण्याची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

खड्ड्यावर गाडी उभी करून खालून काम करायची पद्धत तशी चांगली, कारण गाडी चारही चाकांवर असते. फक्त पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते. खड्ड्यात बिडी-सिगारेट नाही, वेल्डिंग नाही, उघडा बल्ब नाही, आणि वर इंजिन चालू ठेवून खाली उतरणे नाही. मोठ्या गॅरेजातल्या दोन खांबांच्या लिफ्टला कुलुपाचे दाते असतात. गाडी वर नेल्यावर ती त्या दात्यांवर बसवायची असते, तेलावर लटकत ठेवायची नसते.

रात्री रस्त्यावर

नागपूर-तुळजापूर महामार्गावर रात्री टायर बसले तर सगळ्यात आधी बायकामुलांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर, कठड्यापलीकडे उभे करा. लाल त्रिकोण बराच मागे ठेवा, दिवे लुकलुकते ठेवा. वाहतुकीच्या बाजूचे चाक बसले असेल तर तिथे रस्त्यावर बसून जॅक लावण्यापेक्षा रिमचे नुकसान सोसून गाडी हळूहळू मोकळ्या जागेपर्यंत नेलेली परवडते. रिम मिळते. दुरुस्ती खालून करायची असेल तर ती रस्त्यावर करूच नका, ओढून न्या.

पोरांबद्दल

गॅरेजमध्ये गाडीखाली कोण जातो? उस्ताद जाड, पाठ धरलेली, त्यामुळे "छोटू, जरा खाली जा." सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस सगळ्यात धोक्याच्या जागी. त्याला "स्टँड लावा ना" म्हणायची हिंमत नसते, कारण पगार नाही, शिकवणीच्या नावावर खर्चापुरते पैसे मिळतात, आणि उस्तादचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. उस्तादची इज्जत आम्हालाही मान्य आहे. ज्याने हातात पाना दिला, त्याचे ऋण आयुष्यभराचे. पण शागिर्दाची जान ही त्याच उस्तादकडे ठेवलेली अमानत आहे. अपघात झाल्यावर "तकदीरमध्ये होतं" असे सांगून मय्यतीला खांदा दिला जातो, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच जॅकवर दुसरी गाडी चढते. तकदीरवर ईमान असणे आणि दोन हजारांचा स्टँड न घेणे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

कायदाही इथे आहे. बालकामगार कायदा १९८६ चा, त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर चौदा वर्षांखालील मुलाला गॅरेजमध्ये कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाला तर मालकाकडून भरपाई मागता येते, हा हक्क आपल्या देशात १९२३ पासून आहे. आपल्यातलाच मालक, आपल्यातलाच मजूर, म्हणून बहुतेकदा पाच-दहा हजारांवर तडजोड होते आणि विधवा आई गप्प बसते. त्या माउलीला तिचा हक्क कुणीतरी सांगायला हवा.

मुलगा गॅरेजलाच जाणार असेल तर जाऊ द्या, हुनर वाईट नाही. दहावी करून आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा कोर्स केला तर बरेच चांगले. तिथे गाडी उचलण्याची पद्धत पहिल्याच धड्यांत शिकवतात आणि हातात सर्टिफिकेट येते. ते जमत नसेल तर निदान पोराला बसवायला जाल तेव्हा अब्बांनी गॅरेजमध्ये एकदा नजर फिरवावी. स्टँड आहेत का? जॅकच्या बुडाशी तेल सांडलेले आहे का? एखादी गाडी नुसत्या जॅकवर आहे आणि खालून पाय बाहेर आलेले दिसताहेत का? हे दिसले तर दुसरा उस्ताद बघा.

गाडी अंगावर आलीच तर

पहिल्या चार-पाच मिनिटांत सगळे ठरते. मेंदूला तेवढाच वेळ प्राणवायूशिवाय निभावते, म्हणून छातीवरचा भार उतरवणे हे पहिले काम. एकाने १०८ ला फोन लावावा, बाकीच्यांनी भार उचलावा. माणसे जमली असतील तर एका बाजूने सगळ्यांनी मिळून उचला. जवळ दुसरा जॅक असेल तर तो लावा, पडलेल्या जॅकवर पुन्हा विश्वास ठेवू नका. बोटभर वर आली की एकाने लगेच लाकूड, चाक, जे हाती येईल ते सरकवत जावे, म्हणजे हात सुटला तरी गाडी परत त्याच माणसावर येणार नाही. अर्धवट उचललेल्या गाडीखाली वाचवणाऱ्याने स्वतःचे डोके घालू नये. गाडी दुसऱ्या बाजूला सरकू नये म्हणून चाकांना दगड लावायला एका माणसाला वेगळे सांगा, गोंधळात हेच राहून जाते.

बाहेर काढताना मान आणि पाठ वळू न देता, दोन-तीन जणांनी मिळून सरळ ओढावे. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहावे, रुग्णवाहिका येईपर्यंत. पाणी पाजू नका, चहा पाजू नका. उठवून बसवू नका, जरी तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी, कारण पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. पाय किंवा मांडी बराच वेळ गाडीखाली दबून राहिली असेल तर भार काढल्यावर दबलेल्या मांसातले विष रक्तात मिसळून हृदय आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. अशा वेळी छाती मोकळी असेल आणि श्वास चालू असेल तर १०८ च्या डॉक्टरांना फोनवरच सगळे सांगून त्यांच्या सल्ल्याने भार काढावा. गाडी किती वाजता पडली आणि किती वाजता उचलली, ही दोन वेळा कुणीतरी लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.